इंजिनाचे तेल : सिंथेटिक घ्यावे का, आणि केव्हा बदलावे?



देवासला यंत्रांचे नावीन्य राहिलेले नाही. किर्लोस्करांचे पंप येथे बनतात, जॉन डिअरचा ट्रॅक्टर कारखाना येथे आहे, आणि शेजारच्या धार जिल्ह्यात पिथमपूरला मालमोटारी आणि इतर वाहने तयार होतात. गावोगावी ट्रॅक्टर आहेत, विहिरीवर डिझेल इंजिन आहे, दारात मोटरसायकल उभी आहे. या सर्वांच्या पोटात जे तेल असते, ज्याला कोणी ऑइल म्हणतो तर कोणी मोबिल, त्याबद्दल मात्र आपली माहिती बहुधा दुकानदाराच्या किंवा मिस्त्रीच्या सांगण्यावर असते. अलीकडे दुकानात सिंथेटिक तेलाचे डबे दिसू लागले आहेत. 'हे एकदा घाला आणि दुप्पट दिवस विसरून जा' असे सांगून ते विकले जातात. किंमतही दुप्पट किंवा त्याहून अधिक असते.

हे तेल घ्यावे का? घेतले तर खरोखर दुप्पट चालते का? साधे तेल किती तासांनी बदलावे? आणि काढलेल्या काळ्या तेलाचे काय करावे? या चार प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करू. ट्रॅक्टर बहुतेकांनी कर्जावर घेतलेला असतो. हप्ते फिटण्यापूर्वीच इंजिन उघडावे लागले, तर दुहेरी भार पडतो. म्हणून हा विषय लहान वाटला तरी घरच्या मिळकतीशी त्याचा जवळचा संबंध आहे.

तेल इंजिनात काय करते?

तेलाचे पहिले काम वंगणाचे. क्रँक आणि बेअरिंग, पिस्टनच्या रिंगा आणि लायनर हे लोखंडी भाग एकमेकांवर घासू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर असावा लागतो. हा थर केसाहूनही पातळ असतो.

दुसरे काम थंड ठेवण्याचे. पिस्टनच्या आतल्या बाजूपर्यंत रेडिएटरचे पाणी पोचत नाही. तेथली उष्णता तेलच वाहून आणते.

तिसरे काम सफाईचे. डिझेल जळताना काजळी होते, तीतील काही भाग रिंगांच्या बाजूने खाली उतरतो. तेलात मिसळलेली औषधे ही काजळी धरून ठेवतात, तिचा गाळ बसू देत नाहीत.

चौथे काम आम्ल मारण्याचे. डिझेलमधील गंधक जळून आम्ल तयार होते. ते धातू खाते. तेलातील क्षारयुक्त औषध त्याचा नाश करते.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. तेल म्हणजे नुसते तेल नसून त्यात औषधांचे मिश्रण असते. ही औषधे काम करता करता संपतात. तेल डब्यात होते तितकेच इंजिनात दिसत असले, तरी त्यातील औषध संपलेले असू शकते. तेल बदलावे लागते ते मुख्यतः यासाठी. कमी झालेल्या तेलात वरून लिटरभर ओतणे म्हणजे तेल बदलणे नव्हे. तसे केल्याने पातळी भरून येते, पण जुनी घाण जागच्या जागी राहते.

सिंथेटिक तेल म्हणजे काय?

साधे तेल जमिनीतून काढलेल्या कच्च्या तेलापासून शुद्ध करून मिळते. त्यात लहानमोठे, नाना आकारांचे रेणू असतात. सिंथेटिक तेलातील रेणू कारखान्यात रासायनिक क्रियेने घडवलेले असतात, त्यामुळे ते पुष्कळसे एकसारखे असतात. दळणात भरड, पीठ आणि कोंडा एकत्र असणे आणि वस्त्रगाळ केलेले एकसारखे पीठ असणे, यात जो फरक तोच येथे समजावा. एकसारख्या रेणूंचे तेल थंडीत गोठत नाही, आणि कडक उष्णतेत लौकर खराब होत नाही.

अशा तेलांचा शोध गरजेतून लागला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीत विमानांसाठी कृत्रिम तेले बनवली गेली. पुढे जेट विमाने आली. त्यांच्या इंजिनांतील उष्णतेत साधे तेल टिकतच नाही, म्हणून तेथे सिंथेटिक तेलच वापरतात. अल अमाटूझिओ नावाच्या एका अमेरिकन लढाऊ वैमानिकाने हे पाहून मोटारगाड्यांसाठी असे तेल तयार केले. १९७२ साली त्याला अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या कसोटीची मान्यता मिळाली. २५,००० मैल म्हणजे ४०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष तेल बदलू नका, असा त्याचा दावा होता. 'दुप्पट दिवस विसरून जा' या बोलण्याचे मूळ येथे आहे.

पण हा दावा कोठला आणि कोणत्या गाडीसाठी, हे पाहिले पाहिजे. तो अमेरिकेच्या उत्तर भागातला. तेथे हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस-तीस अंश जातो, आणि गाड्या स्वच्छ डांबरी रस्त्यावर लांब लांब धावतात. आपला ट्रॅक्टर काळ्या मातीच्या धुळीत, एप्रिल-मेच्या उन्हात, मळणीयंत्राला जोडून तासन्‌तास एका जागी उभा राहून चालतो. दोन्ही इंजिनांना एकच नियम लावता येणार नाही.

आणखी एक माहिती असावी. डब्यावर सिंथेटिक असे लिहिलेली सर्व तेले एका जातीची नसतात. पुष्कळशी तेले कच्च्या तेलावरच अधिक कडक प्रक्रिया करून बनवलेली असतात, आणि बहुतेक देशांत त्यांनाही सिंथेटिक म्हणण्यास मुभा आहे. ती वाईट नसतात. पण नुसत्या नावावर भरवसा न ठेवता डब्यावरील आकडे वाचण्याची सवय लावावी.

डब्यावरील आकडे कसे वाचावे?

डब्यावर रोमन लिपीत दोन खुणा असतात.

पहिली खूण जाडीची. उदाहरणार्थ '१५ डब्ल्यू ४०'. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला, नंतरचा आकडा गरम इंजिनातला. '१५ डब्ल्यू' तेलाची कसोटी शून्याखाली २० अंशांवर घेतात आणि '५ डब्ल्यू'ची शून्याखाली ३० अंशांवर. देवासला पौष महिन्यात पिकावर दहिवर गोठले, तरी इतकी थंडी कधी पडत नाही. म्हणून केवळ थंडीसाठी महाग तेल घेण्याचे आपल्याला कारण नाही. उलट, ज्या जुन्या इंजिनाच्या पुस्तकात '१५ डब्ल्यू ४०' किंवा '२० डब्ल्यू ४०' सांगितले आहे, त्यात महाग म्हणून पातळ तेल घालू नये.

दुसरी खूण दर्जाची. डिझेल इंजिनाच्या तेलावर 'सीएफ-४', 'सीएच-४', 'सीआय-४' अशी अक्षरे असतात. यांतील दुसरे अक्षर वर्णमालेत जितके पुढचे, तितका दर्जा नवा. 'सीआय-४' हा दर्जा २००२ साली आला. पुस्तकात 'सीएफ-४' सांगितले असेल तर 'सीआय-४' चालते. याच्या उलट मात्र चालत नाही. साधे असो वा सिंथेटिक, ही अक्षरे जुळली पाहिजेत. योग्य दर्जाचे साधे तेल हे चुकीच्या दर्जाच्या सिंथेटिक तेलापेक्षा केव्हाही चांगले.

मोटरसायकलची गोष्ट निराळी आहे. बहुतेक मोटरसायकलींत क्लच इंजिनाच्याच तेलात भिजत असतो. मोटारगाडीचे गुळगुळीत तेल त्यात घातले तर क्लच घसरू लागतो. मोटरसायकलच्या डब्यावर 'जासो एमए' ही खूण पाहून घ्यावी.

तेल केव्हा बदलावे?

याचे खरे उत्तर आपल्या ट्रॅक्टरबरोबर मिळालेल्या पुस्तकात आहे. नव्या ट्रॅक्टरचे पहिले तेल साधारणपणे ५० तासांनी बदलतात, कारण नवे भाग एकमेकांवर बसताना धातूचा कीस पडतो. त्यानंतर बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांच्या पुस्तकांत २५० तासांचा नियम आहे. काही नव्या ट्रॅक्टरांत तो याहून अधिक असतो. विहिरीवरच्या ज्या लहान इंजिनांत तेलाचा फिल्टर नसतो, त्यांचे तेल याहून पुष्कळ लौकर बदलावे लागते, कारण तेथे घाण अडवणारे काहीच नसते. आजच्या बहुतेक मोटारगाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांतील जे आधी येईल ते लागू असते.

'जे आधी येईल ते' हे शब्द महत्त्वाचे आहेत. ज्यांचा ट्रॅक्टर वर्षात शंभरच तास चालतो, त्यांना वाटते की तेल अडीच वर्षे चालेल. तसे नाही. उभ्या इंजिनात हवेतील ओल साचते, आम्ल तसेच राहते आणि बेअरिंगला खाते. म्हणून तास भरले नाहीत तरी वर्षातून एकदा तेल बदलावेच.

घरातील वडीलधारी मंडळी सांगतात की पूर्वी तेल फार लौकर बदलावे लागे. ते खरे आहे, आणि त्याला कारणही होते. १९९० च्या सुमारास आपल्या देशातील डिझेलमध्ये एक टक्क्यापर्यंत गंधक असे, म्हणजे दहा लाख भागांत दहा हजार भाग. ते टप्प्याटप्प्याने कमी करत आणले. एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या डिझेलमध्ये ते दहा लाखांत केवळ दहा भाग इतके मर्यादित आहे. आम्लाचा त्रास त्यामुळे पुष्कळ कमी झाला.

मात्र धूळ कमी झालेली नाही. गव्हाच्या मळणीत आणि सोयाबीनच्या मळणीत ट्रॅक्टर धुळीच्या ढगात उभा असतो. मातीत वाळूचे बारीक कण असतात आणि ते लोखंड घासू शकतील इतके कठीण असतात. एअर क्लीनर नीट नसेल तर हे कण सिलिंडरमध्ये जाऊन तेलात उतरतात आणि तेलाचे वंगण न राहता पॉलिश कागदासारखे काम सुरू होते. अशा वेळी सिंथेटिक तेलही काही करू शकत नाही, कारण धुळीपुढे दोन्ही तेले सारखीच. म्हणून मळणीच्या दिवसांत एअर क्लीनर रोज पाहावा. ज्यात तेलाची वाटी असते, तिच्यात गाळ साचला की वाटी धुऊन नवे तेल भरावे. महाग तेलापेक्षा या कामाचा उपयोग अधिक आहे.

तासांची वही

तेल बदलण्यात चूक होते ती बहुतेक विसरण्यामुळे. ट्रॅक्टर भाड्याने जातो, ड्रायव्हर बदलतो, मीटर बंद पडलेला असतो, आणि मागचे तेल केव्हा बदलले ते कोणालाच आठवत नाही. यावर उपाय एक छोटी वही. ती ट्रॅक्टरच्या खोक्यात ठेवावी. रोज संध्याकाळी चार गोष्टी लिहाव्या : तारीख, मीटरचा आकडा, काम कोणते, तेल वरून घातले असल्यास किती. मीटर बंद असेल तर कामाचे तास घड्याळाने लिहावे. घरात शाळेत जाणारा मुलगा किंवा मुलगी असेल तर हे काम त्यांच्याकडे द्यावे, त्यांनाही हिशेबाची सवय लागेल.

काट्याच्या जुन्या मीटरविषयी एक सूचना. तो घड्याळाचे तास मोजत नाही, इंजिनाचे फेरे मोजतो. इंजिन हळू चालले तर मीटरही हळू चालतो. त्यामुळे मीटरचा एक तास आणि घड्याळाचा एक तास यांत फरक पडतो. हा दोष नव्हे. पुस्तकातील तास या मीटरचेच असतात. तथापि घड्याळाने मोजणाऱ्यांनी तेल थोडे लौकर बदलले गेले तरी वाईट वाटून घेऊ नये.

पैशांचा हिशेब

आता सिंथेटिक तेल परवडते का ते पाहू. भाव गावोगावी बदलतात, म्हणून आकडे केवळ समजण्यासाठी घेऊ. आपण आपले आकडे घालून हाच हिशेब करावा.

समजा, इंजिनात ८ लिटर तेल बसते. साधे तेल लिटरला ३०० रुपये, सिंथेटिक ७०० रुपये, आणि फिल्टर ४०० रुपयांचा.

साधे तेल : ८ × ३०० = २,४०० आणि फिल्टर ४००, एकूण २,८०० रुपये. २५० तास चालले तर तासाला ११ रुपये २० पैसे.

सिंथेटिक तेल : ८ × ७०० = ५,६०० आणि फिल्टर ४००, एकूण ६,००० रुपये. २५० तासांनीच बदलले तर तासाला २४ रुपये.

म्हणजे सिंथेटिक तेल साध्याच्या बरोबरीला येण्यासाठी सुमारे ५३५ तास चालले पाहिजे. ट्रॅक्टरच्या पुस्तकात इतक्या तासांना परवानगी असेल तरच ते घेण्यात अर्थ आहे. पुस्तकात २५० तास लिहिले असताना आपल्या मनाने ५०० तास चालवले आणि हमीच्या काळात इंजिन बिघडले, तर कंपनी भरपाई नाकारू शकते.

हाच हिशेब दुसऱ्या बाजूनेही करून पाहा. ट्रॅक्टर तासाला ४ लिटर डिझेल पितो आणि डिझेल ९० रुपये लिटर आहे असे धरले, तर तासाला ३६० रुपयांचे डिझेल जळते. त्यापुढे तेलाचे ११ रुपये म्हणजे शेकडा तीन. साधे तेल २५० ऐवजी ५०० तास चालवले, तर वर्षाला ६०० तास चालणाऱ्या ट्रॅक्टरवर जेमतेम ३,३६० रुपये वाचतात. याउलट लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग आणि मजुरी यांचे बिल या रकमेच्या दहा-वीस पट होऊ शकते. आणि हे काम नेमके पहिला पाऊस पडून सोयाबीनच्या पेरणीची घाई असताना निघाले, तर पेरणीच हुकते. तिची किंमत कोणत्याच बिलात लिहिलेली नसते.

मग सिंथेटिक तेल कोणी घ्यावे? ज्यांच्या गाडीच्या किंवा ट्रॅक्टरच्या पुस्तकातच ते सांगितले आहे, त्यांनी अवश्य घ्यावे. टर्बो असलेल्या इंजिनात उष्णता फार असते, तेथे त्याचा उपयोग होतो. जुन्या, साध्या, तेल खाणाऱ्या इंजिनात ते घालणे म्हणजे गळक्या मडक्यात दूध भरणे होय.

तेल बदलण्याची रीत

१. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा. इंजिन दहा मिनिटे चालवून कोमट करावे, म्हणजे गाळ तेलात मिसळून बाहेर येतो. इंजिन बंद करून किल्ली काढावी. कडक तापलेल्या इंजिनाचे तेल काढू नये, हात भाजतो.

२. खाली रुंद पातेले ठेवून चेंबरचा बोल्ट काढावा. तेल पूर्ण निथळू द्यावे.

३. जुना फिल्टर काढताना त्याचे रबर इंजिनाला चिकटून राहिले नाही ना, हे पाहावे. नव्या फिल्टरच्या रबराला थोडे तेल लावून फिल्टर बसवावा. आवळण्याचे प्रमाण फिल्टरवर किंवा पुस्तकात दिलेले असते.

४. बोल्टचा वायसर तपासून बोल्ट बसवावा. मग नवे तेल भरावे. गेज पट्टीच्या दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेपर्यंत तेल असावे, त्यावर नको. जास्त भरलेल्या तेलात क्रँक फिरून फेस होतो, आणि फेसाने वंगण होत नाही.

५. दोन मिनिटे इंजिन चालवून गळती पाहावी. बंद करून थोड्या वेळाने पट्टी पुन्हा पाहावी. तारीख आणि मीटर वहीत लिहावे.

काही ठिकाणी जुने तेल काढल्यावर डिझेल घालून इंजिन धुण्याची पद्धत आहे. ती सोडून द्यावी. कानाकोपऱ्यात राहिलेले डिझेल नव्या तेलाला पातळ करते.

तेल नेहमी बंद डब्यातले घ्यावे, सुटे घेऊ नये. रिकामा डबा भंगारात देताना त्याला भोक पाडावे, म्हणजे कोणी त्यात नकली तेल भरून विकणार नाही.

ज्यांना हे शिक्षण प्रत्यक्ष घ्यावयाचे आहे, त्यांच्यासाठी आपल्याच राज्यात सीहोर जिल्ह्यात बुदनी येथे केंद्र सरकारची कृषियंत्र प्रशिक्षण आणि परीक्षण संस्था आहे. ती १९५५ साली सुरू झाली. देशातील ट्रॅक्टरांची परीक्षा तेथे होते आणि शेतकऱ्यांसाठी शिक्षणवर्गही चालतात.

आरोग्य : काळे तेल आणि आपली कातडी

नव्या तेलापेक्षा वापरलेले तेल कितीतरी अधिक वाईट. इंधन जळताना कर्करोग उत्पन्न करणारी काही द्रव्ये तयार होतात आणि ती तेलात साठत जातात. उंदरांच्या कातडीवर वापरलेले इंजिन तेल लावून पाहिले, तेव्हा त्यांना कातडीच्या गाठी झाल्या. माणसांबाबतचा पुरावा इंग्लंडच्या सूतगिरण्यांतून मिळाला. तेथील सूत कातणाऱ्या कामगारांचे कपडे यंत्राच्या तेलाने वर्षानुवर्षे भिजत. त्यांच्यात अंडकोषाच्या कातडीचा कर्करोग फार आढळतो, हे मँचेस्टरच्या डॉक्टरांनी १९२२ साली दाखवून दिले. १९५३ साली तेथे नियम होऊन अशा कामगारांची दर सहा महिन्यांनी तपासणी सक्तीची झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनेही कमी शुद्ध केलेल्या खनिज तेलांना माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे.

एकदा हात काळे झाल्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. धोका आहे तो रोजच्या, वर्षानुवर्षांच्या संपर्काचा. गॅरेजमध्ये काम शिकणाऱ्या मुलांनी म्हणून अधिक जपावे. पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्या.

तेल काढताना रबरी हातमोजे घालावे. हात साबणाने धुवावे, डिझेल, पेट्रोल किंवा रॉकेलने नव्हे. त्यांनी कातडीचा नैसर्गिक स्निग्धपणा जातो आणि पुळ्या, भेगा व खाज सुरू होते.

तेलकट फडके खिशात ठेवू नये. ते दिवसभर मांडीला घासत राहते. तेलाने भिजलेले कपडे घरातील मुलांच्या कपड्यांबरोबर धुण्यास टाकू नयेत.

हातावर, मांडीवर किंवा गुप्त भागी चामखिळीसारखी गाठ आली किंवा काही आठवडे न भरणारी जखम झाली, तर लाज न बाळगता डॉक्टरांना दाखवावे. वेळीच दाखवलेला कातडीचा कर्करोग बरा होतो.

डिझेल नळीने तोंडाने ओढू नये. ते फुप्फुसात गेले तर कठीण न्यूमोनिया होतो. कोणी डिझेल किंवा तेल गिळले, तर उलटी करवू नये, तसेच दवाखान्यात न्यावे. तेल कधीही शरबताच्या बाटलीत भरून ठेवू नये.

नोझलची परीक्षा करताना फवाऱ्यासमोर हात धरू नये. त्या दाबाने डिझेल कातडीतून आत शिरते. वरून फक्त टाचणी टोचल्यासारखे दिसते, पण आत मांस सडते. अशा वेळी त्याच दिवशी, शक्य तितक्या लौकर मोठ्या रुग्णालयात जावे.

जनावरांना लावू नका, विहिरीजवळ ओतू नका

गुराढोरांच्या खरजेवर काळे तेल लावण्याची चाल अजून गावांत आहे. जनावर अंग चाटते आणि ते विष पोटात जाते. शिसेयुक्त पेट्रोल असताना अशा तेलाने गुरांना शिशाची विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. २००० साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले, पण बाकीची द्रव्ये आजही आहेतच. खरजेवर चांगली औषधे पशुवैद्याकडे मिळतात, तीच वापरावी.

आता पाण्याविषयी. १९९० साली देवास शहराला रेल्वेने पाणी आणून पाजावे लागले, हे ज्यांनी पाहिले ते विसरलेले नाहीत. ट्यूबवेल खोल खोल गेल्या आणि आटल्या. मग २००६ च्या सुमारास जिल्ह्यात शेततळ्यांची चळवळ झाली. टोंककलाँसारख्या गावांत शेतकऱ्यांनी स्वतःच्या जमिनीत, स्वतःच्या खर्चाने तळी खोदली. इतक्या कष्टाने साठवलेल्या पाण्याच्या काठी ट्रॅक्टर उभा करून तेल काढणे आणि ते तेथेच मातीत सोडणे, हे आपल्याच घागरीत विष कालवण्यासारखे आहे. एका वेळच्या तेलबदलातले तेल दहा लाख गॅलन गोडे पाणी बिघडवू शकते, असे अमेरिकेचे पर्यावरण खाते सांगते. आपल्या काळ्या जमिनीखाली भेगांचा खडक आहे. त्या भेगांतून गेलेले तेल कोणाच्या विहिरीत निघेल ते सांगता येत नाही.

म्हणून काढलेले तेल झाकणाच्या डब्यात साठवावे आणि जेथे तेल बदलले जाते त्या सर्व्हिस सेंटरकडे किंवा परवाना असलेल्या संकलकाकडे द्यावे. त्यात पाणी, डिझेल किंवा रंग मिसळू नये. नीट प्रक्रिया केली तर त्यापासून पुन्हा चांगले तेल बनते. १ एप्रिल २०२४ पासून तर वापरलेल्या तेलाच्या पुनर्वापराची जबाबदारी कायद्याने तेल बनवणाऱ्या कंपन्यांवर टाकलेली आहे. चुलीत ते जाळू नये, त्याचा धूर घरातील बायकामुलांच्या छातीत जातो.

काही प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : नवे तेल घालून दोनच दिवसांत काळे झाले. ते नकली होते का?
उत्तर : डिझेल इंजिनात तेल लौकर काळे होते. ते काजळी धरून ठेवण्याचे आपले काम करत आहे. रंगावरून तेल बदलू नये, तासांवरून बदलावे. परंतु तेल दुधासारखे पांढरट झाले तर त्यात पाणी शिरले आहे, आणि पातळी आपोआप वाढून डिझेलचा वास आला तर डिझेल उतरत आहे. दोन्ही वेळा इंजिन बंद करून मिस्त्रीला बोलवावे.

प्रश्न : साध्या तेलात सिंथेटिक मिसळले तर चालते का?
उत्तर : जाडी आणि दर्जा एकच असेल तर अडचणीच्या वेळी चालते. पण मग ते साधे समजूनच वेळेवर बदलावे.

प्रश्न : जुन्या इंजिनात सिंथेटिक घातले आणि गळू लागले, असे का?
उत्तर : जुनी कडक झालेली सिले गाळाने बुजलेली असतात. नव्या तेलाने गाळ धुतला की भेग उघडी पडते. दोष सिलाचा, ते बदलावे.

ध्यानात ठेवण्यासारखे

पुस्तकातील जाडी आणि दर्जा पाहून तेल घ्या. तास किंवा वर्ष, जे आधी येईल तेव्हा ते बदला. तेलाबरोबर फिल्टर बदला. धुळीच्या दिवसांत एअर क्लीनर रोज पाहा. वहीत लिहा. हात साबणाने धुवा. जुने तेल मातीत वा पाण्यात जाऊ देऊ नका.

आज घरी गेल्यावर ट्रॅक्टरचे पुस्तक शोधून काढा आणि मागचे तेल केव्हा बदलले होते ते आठवून पाहा. आठवले नाही, तर तेल बदलण्याची वेळ आली आहे असे समजा आणि त्याच दिवसापासून वही सुरू करा.